हे माप कशाने घेतले? : बिने-कामत कसोटी आणि बुद्धिमापनाची एक चिकित्सा

नांदेड परिसरातील एका विहारात पाली वर्ग आटोपल्यानंतर एका पालकाने प्रस्तुत लेखकापुढे एक कागद ठेवला. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाची मानसशास्त्रीय तपासणी झाली होती. कागदावर मुलाचे वय, 'बिने-कामत' हे कसोटीचे नाव आणि शेवटी ६८ हा आकडा होता. पालक मोंढ्यात मापाडी आहेत. त्यांनी आकड्याचा अर्थ विचारला नाही. त्यांचा प्रश्न निराळा होता : "सर, हे माप कशानं घेतलं?" मोंढ्यातल्या काट्याची ठराविक मुदतीने तपासणी होते व त्यावर शिक्का उमटतो, शिक्का नसलेल्या काट्यावरचे वजन शेतकरी मान्य करीत नाही. मुलाच्या बुद्धीचे वजन करणाऱ्या काट्यावर शिक्का कोणाचा आणि कोणत्या सालाचा, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अत्यंत नेमका आहे. मानसमापनशास्त्रात ज्यास प्रमाणीकरण म्हणतात, त्याचाच हा प्रश्न होय. त्याचे उत्तर द्यावयाचे तर बुद्धिमापनाचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

कसोटीचा जन्म आणि तिचे रूपांतर

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर, सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षणाची सोय कशी करावी, हा प्रश्न निर्माण झाला. १९०४ मध्ये त्यासाठी शासकीय आयोग नेमण्यात आला व त्यातूनच आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांची पहिली श्रेणी १९०५ मध्ये सिद्ध झाली. तीत सोप्याकडून कठीणाकडे जाणारे ३० प्रश्न होते. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची वयानुसार विभागणी झाली व 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आली. १९११ मध्ये बिने निवर्तले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, कसोटीचा मूळ हेतू साहाय्याचा होता, वर्गवारीचा नव्हता. दुसरी, बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी राशी आहे, या मताला बिने यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट विरोध केला होता. मागे पडणाऱ्या मुलांसाठी अवधान आणि स्मरण यांचे व्यायाम त्यांनी सुचविले होते. आपल्या कसोटीला ते बुद्धीचा फूटपट्टीसारखा मापदंड मानीत नव्हते.

तथापि कसोटीचे पुढील आयुष्य निराळ्या हातांत गेले. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत सुचविली. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणून 'बुद्धिगुणांक' रूढ केला. आठ वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरे दिली, तर त्याचा गुणांक ७५. उपर्युक्त अकरा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय साडेसात ठरविले गेले, म्हणून त्याचा गुणांक ६८. गणित सोपे आहे. आणि ते सोपे असल्यामुळेच त्यामागील गृहीतके दृष्टीआड होतात. साडेसात वर्षांच्या कोणत्या मुलाइतकी? कोणत्या प्रदेशातील, कोणत्या घरातील, कोणत्या सालातील? या प्रश्नांवाचून हा आकडा निरर्थक आहे.

यासोबत आणखी एक परंपरा येऊन मिळाली होती. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ मध्ये प्रतिभा आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले आणि १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्रास त्याचे इंग्रजी नाव दिले. बिने यांची कसोटी व गाल्टन यांचा सिद्धान्त यांचा संयोग अमेरिकेत झाला. १९१३ मध्ये हेन्री गॉडर्ड यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या काही निवडक स्थलांतरितांची तपासणी करविली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तपासलेल्यांपैकी पाचांत सुमारे चार जण मंदबुद्धी ठरले होते. लांबच्या बोटप्रवासाने थकलेल्या, परक्या भाषेतील प्रश्नांना दुभाष्यामार्फत उत्तरे देणाऱ्या माणसांविषयीचा हा निर्णय होता. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा झाली. निरक्षरांसाठी चित्रांची स्वतंत्र कसोटी होती. तिच्यातील एका चित्रात टेनिसचे मैदान दाखवून त्यात काय उणे आहे, असे विचारले होते. उत्तर होते : जाळी. ज्याने टेनिस कधी पाहिले नाही, तो या प्रश्नाने बुद्धिहीन ठरे.

या आकड्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये वंशांची प्रतवारी लावणारा ग्रंथ लिहिला आणि १९२४ मध्ये अमेरिकेत स्थलांतरावर कठोर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले. पण तोवर कायदा होऊन गेला होता. प्रतिवाद त्याच काळात झाले होते, हेही नमूद केले पाहिजे. १९२४ मध्ये होरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने सैनिकांच्या त्याच आकडेवारीतून दाखवून दिले की उत्तरेकडील काही राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेतील काही राज्यांतील गोऱ्या सैनिकांपेक्षा वरचढ होते. बुद्धी वर्णाने ठरत असेल तर हे कसे घडावे? ती शाळेने ठरत असेल तर मात्र याचा उलगडा तत्काळ होतो. कृष्णवर्णीयांच्या या वैचारिक परंपरेशी आपला प्रदेश अपरिचित नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती यांवर मराठीत ग्रंथ लिहिला आहे.

गॉडर्ड यांची पाहणी ज्या वर्षी झाली, त्याच १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. पुढे १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात, जातीमागे सुप्रजननाचे शास्त्र आहे असे म्हणणाऱ्यांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. हे शास्त्र खरे असते तर त्याची फळे समाजाच्या शरीरसामर्थ्यात दिसावयास हवी होती, आणि एकाच प्रांतातील भिन्न जातींत वंशभेदही आढळावयास हवा होता, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होय. बुद्धिमापनाची समीक्षा करताना हा निबंध क्वचितच आठवला जातो. वस्तुतः भारतीय संदर्भात तो तिचा आरंभबिंदू मानावयास हवा.

कामत यांचे कार्य : गुण आणि मर्यादा

भारतात बिनेपद्धतीच्या कसोट्या लवकर आल्या. लाहोरच्या हर्बर्ट राइस यांची हिंदुस्थानी श्रेणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी भाषकांच्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य व्ही. व्ही. कामत यांचे. मुंबई इलाख्यातील कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी त्यांनी बिने श्रेणीचे संस्करण केले. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ मध्ये आणि 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हा ग्रंथ १९४० मध्ये प्रकाशित झाला. पुढे नागपूर येथे आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या कसोटीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. आजही बौद्धिक दिव्यांगत्वाच्या तपासणीत प्रामुख्याने याच दोन कसोट्यांची नावे आढळतात.

कामत यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मातृभाषेतून मुलाशी समोरासमोर बसून बोलावे, परकीय प्रश्न जसेच्या तसे न उचलता पारखून घ्यावेत, कोणता प्रश्न कोणत्या वयास बसतो हे प्रत्यक्ष मुलांवर ताडून पाहावे, ही शिस्त त्या काळी या देशात दुर्मीळ होती. इंग्रजी कसोटीचे भाषांतर करून मोकळे होणाऱ्या पुढील कित्येकांपेक्षा त्यांचे काम अधिक प्रामाणिक आहे.

परंतु मापाडी पालकांच्या प्रश्नाचे उत्तर याच कार्यात शोधावयाचे आहे, आणि तेथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण प्रदेशाची. कामत यांची मुले मुंबई इलाख्यातील होती. त्या काळी नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता आणि लातूर हे त्याच संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते. लातूर जिल्हा अस्तित्वात आला तो १९८२ मध्ये. संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि मराठी शाळांची उपेक्षा हे मुक्तिलढ्यामागील एक दुःख होते. म्हणजे ज्या प्रमाणकांशी आज मराठवाड्यातील मुलाची तुलना होते, ती प्रमाणके ठरविताना मराठवाड्याचे मूल समोर नव्हतेच. मराठी भाषा समान होती असे म्हणावे, तर ती कोणती मराठी? आमच्या भागातील मुलासाठी शेत हे 'वावर' असते, मूल हे 'लेकरू' असते. शब्दसंग्रहाच्या प्रश्नात परीक्षकाच्या कानाला हे शब्द उत्तर वाटतात की चूक, यावर गुण अवलंबून राहतात.

दुसरी अडचण काळाची. कामत यांच्या ग्रंथाच्या पुढे आवृत्त्या निघाल्या, पण प्रमाणके जुनी झाल्याचे या विषयाच्या भारतीय अभ्यासकांनीच नोंदविले आहे. ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखविले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांच्या सरासरी गुणांकात सुमारे १४ गुणांची वाढ झाली. १९८७ मध्ये त्यांनी १४ देशांतील अशीच वाढ नोंदविली. एवढ्या अल्प काळात वंश बदलत नाही. बदलते ते शिक्षण, आहार आणि व्यवहार. यावरून असेही निघते की जुन्या प्रमाणकांवर मोजलेला आजचा गुणांक वास्तवापेक्षा अधिक येण्याचा संभव असतो. म्हणजे भाषा व प्रदेश यांमुळे आमच्या मुलाचे माप कमी पडण्याची शक्यता आहे, आणि प्रमाणकांच्या जुनेपणामुळे तेच माप फुगण्याचीही शक्यता आहे. दोन्ही दोष एकमेकांस किती छेदतात हे कोणीही सांगू शकणार नाही. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. एखादे चपळ मूल विनाकारण मंद ठरू शकते. तसेच ज्यास खरोखर साहाय्याची गरज आहे असे मूल आकडा दोन-चार गुणांनी अधिक आला म्हणून प्रमाणपत्रापासून वंचित राहू शकते. कसोटीच्या टीकाकारांनी पहिल्या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्याविषयी क्वचितच लिहिले जाते, कारण तो सोसणारी मुले बहुधा बोलत नाहीत.

तिसरी अडचण तर्काच्या स्वरूपाची. 'गटात न बसणारे ओळखा' हा प्रश्न अनेक कसोट्यांत असतो. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, ओंडका व कुऱ्हाड दाखवून वेगळे काय असे विचारले. शाळेत शिकलेला मनुष्य ओंडका वगळतो, कारण इतर तीन अवजारे आहेत. शेतकरी म्हणाले, ओंडका कसा वगळता येईल? तो नसेल तर करवत आणि कुऱ्हाड कशासाठी? आमच्या शेतमजुराच्या मुलापुढे वखर, कोळपे, तिफण आणि कासरा ठेवून पाहावे. उत्तरपत्रिकेस कासरा अपेक्षित असेल. मूल कदाचित तिफण वगळेल, कारण तिफणीने पेरतात आणि बाकीचे सर्व मशागतीला लागते. हे उत्तर अधिक ज्ञानातून आलेले आहे. त्यास शून्य गुण देणारी कसोटी बुद्धीचे मोजमाप करीत नाही. शाळेने घडविलेल्या एका विशिष्ट विचारसवयीचे करते.

लातूरने दिलेला पुरावा

बुद्धिमापनाची आणखी एक शाखा आमच्या जिल्ह्यांत घरोघरी पोहोचली आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत, जी दीर्घकाळ चौथी व सातवीस आणि २०१७ पासून पाचवी व आठवीस घेतली गेली, 'बुद्धिमत्ता चाचणी' हा स्वतंत्र विषय आहे. २०१७ पासूनच्या रचनेत ३०० पैकी १०० गुण तिचे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघालेल्या जवाहर नवोदय विद्यालयांच्या निवड चाचणीत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीस आहेत. या परीक्षांनी खेड्यातील अनेक गरीब मुलांना वर आणले, हे निर्विवाद आहे.

तथापि या विषयाच्या मार्गदर्शिका आणि सराव संच प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात रचून ठेवलेले असतात. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा यांचे ठोकताळे शिकविले जातात आणि मुलांचे गुण वाढतात. जे सरावाने वाढते, ते उपजत कसे? 'लातूर पॅटर्न' या नावाने जे काही महाराष्ट्राला ठाऊक झाले, त्याचा सर्वांत मोठा सैद्धान्तिक निष्कर्ष हाच आहे, जरी त्या पॅटर्नच्या कर्त्यांनी तो या शब्दांत मांडला नसला तरी. ज्या प्रदेशातील मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या तोडीची नाहीत असे गृहीत धरले जात होते, तेथील मुले काटेकोर वेळापत्रक, अखंड सराव चाचण्या आणि शिक्षकांचे परिश्रम यांच्या बळावर गुणवत्ता यादीत व वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली. पिढीभरात त्यांची आनुवंशिकता पालटली नव्हती.

मात्र हा पुरावा दुधारी आहे. सराव आता विकत मिळतो. लातुरात ज्या भागाला लोक 'ट्यूशन एरिया' असेच म्हणतात, तेथे प्रवेश घेण्याची ऐपत सर्वांची नाही. तेव्हा गुणांतील अंतर हे पुन्हा घरच्या पैशाचे अंतर होते, आणि त्यावर 'बुद्धिमत्ता' हा शब्द लिहिला की ते नैसर्गिक भासू लागते. गाल्टन यांची चूक अशा रीतीने मागील दाराने परत येते.

जातीचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची जात उघड केली नव्हती तेव्हा दलित व सवर्ण मुलांच्या कामगिरीत अंतर नव्हते. नावासोबत जात सर्वांसमक्ष पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, चक्रव्यूहही तसेच. भर पडली होती ती केवळ पुकाराची. आमच्या वर्गखोल्यांत हा पुकार किती वेळा होतो, हे वाचकांस सांगावयास नको.

पाली परंपरेची साक्ष आणि तिची चिकित्सा

माणसामाणसांतील आकलनभेद पाली वाङ्मयास अज्ञात नाही. अंगुत्तरनिकायात व पुग्गलपञ्ञत्तीत चार प्रकारचे पुद्गल सांगितले आहेत : उग्घटितञ्ञू, विपञ्चितञ्ञू, नेय्य आणि पदपरम. संक्षेपाने समजणारा, विस्ताराने समजणारा, क्रमाक्रमाने मार्गदर्शन लागणारा आणि केवळ पदांपर्यंतच पोहोचणारा, असा त्यांचा अर्थ. वरवर पाहता हीदेखील प्रतवारीच वाटते. परंतु भेद असा की येथे मापले जाते ते विशिष्ट धम्मोपदेशाच्या संदर्भातील आकलन, आणि पहिल्या तीन प्रकारांतून निघतो तो उपदेशकाने आपली पद्धती कशी बदलावी याचा निर्देश. जन्म, कुल वा वर्ण यांच्याशी या चतुष्टयाचा संबंध जोडलेला नाही. इंद्रियांची परिपक्वता जाणणे हे बुद्धाचे ज्ञान म्हणून गणले आहे. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी शिकविणाऱ्यावर आहे. प्रज्ञेचे सुतमया, चिन्तामया व भावनामया हे प्रकार पाहिले तरी प्रज्ञा ही ऐकून, विचार करून व अभ्यासाने वाढणारी आहे, हेच दिसते.

चूळपन्थकाची कथा सर्वश्रुत आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्यास विहारातून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्र दिले व ते चोळण्यास सांगितले. मळत जाणाऱ्या वस्त्रावरून त्यास अनित्यतेचा बोध झाला. पाठांतर ही कसोटी बदलली, तेव्हा शिष्य उत्तीर्ण झाला. आमचे व्याख्याते ही कथा येथेच संपवितात.

पण अभ्यासकाने येथे थांबू नये. त्याच अट्ठकथेत पन्थकाच्या मंदपणाचे कारण दिले आहे : पूर्वजन्मी त्याने एका मंद भिक्षूचा उपहास केला होता. म्हणजे आजची अक्षमता ही मागील जन्माची शिल्लक. गाल्टन यांनी जे रक्तावर टाकले, ते अट्ठकथेने पूर्वकर्मावर टाकले. आणि दोन्ही ठिकाणी शिक्षक, शाळा व समाज सुटले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमान दुःखाचे समर्थन करण्यास जो विरोध केला, त्याचे महत्त्व अशा स्थळी कळते. पाश्चात्त्य मानसशास्त्राची चिकित्सा करणाऱ्याने ती स्वतःच्या परंपरेपर्यंत आणली नाही, तर ती चिकित्सा अर्धवट राहते. आपल्याच विहारांत दिव्यांग मुलाच्या आईला 'मागचे काहीतरी असेल' असे सांगणारे लोक आहेत. गुणांकाच्या आकड्याहून ते वाक्य अधिक निर्दय आहे.

उपसंहार

बुद्धिमापन टाकून द्यावे असा या लेखाचा निष्कर्ष नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्वाची व्याख्या करताना बौद्धिक कार्याबरोबर दैनंदिन जीवनातील समायोजनवर्तनाचाही समावेश केला आहे. सवलती, शिष्यवृत्ती व विशेष शिक्षण मिळण्यासाठी काही मापन आवश्यक आहे. ते नाकारले तर त्याचा फटका गरिबालाच अधिक बसेल, कारण श्रीमंतास प्रमाणपत्रावाचूनही खासगी साहाय्य मिळते. बिने यांनी मागितले होते तेही एवढेच.

मागणी अशी करावयाची की काट्यावर शिक्का असावा. प्रत्येक अहवालावर कसोटीचे नाव, तिची प्रमाणके कोणत्या वर्षीची, कोणत्या भाषेत तपासणी झाली, आणि आकड्यात किती चूक संभवते, हे छापलेले असावे. नांदेड, लातूर व मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतील मुलांवर, त्यांच्या बोलीत, नवी प्रमाणके सिद्ध व्हावीत. नांदेडला विद्यापीठ आहे, लातुरात त्याचे उपकेंद्र आहे, तेव्हा हे काम येथील मानसशास्त्र विभागांनी हाती घ्यावयास हरकत नसावी. आणि शिष्यवृत्ती परीक्षेतील विषयास 'बुद्धिमत्ता' न म्हणता 'तर्कसराव' म्हणावे, म्हणजे नापास झालेले दहा वर्षांचे मूल स्वतःस बुद्धिहीन समजणार नाही.

त्या मापाडी पालकांस प्रस्तुत लेखकाने हे सर्व त्या दिवशी सांगितले नाही. कसोटी जुनी आहे, ती आपल्या भागातील मुलांवर बेतलेली नाही, मुलाची पुन्हा तपासणी करून घ्यावी व या वेळी रोजच्या व्यवहारातील त्याच्या कौशल्यांचीही नोंद करण्यास सांगावे, एवढेच सांगितले. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि पुढच्या तपासणीस सोबत याल का, असे विचारले. लेखकाने होकार दिला आहे.